मागच्या फळीवर कोण

"त्या रिळाला आता पडसं होईल," माझी बायको म्हणाली. "किती आंघोळी घालाल?"

माझं मासे धरायचं रीळ स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुन्या टॉवेलवर उघडं पडलं होतं. त्यात घाण नव्हती. असणार कुठून? काल पुसलं होतं, परवाही पुसलं होतं. तरी मी त्याचे दाते रॉकेलमध्ये बुडवत होतो, उजेडात धरून बघत होतो आणि परत पुसत होतो. हाताला काहीतरी हवं होतं. कान रस्त्याकडे लागले होते. फवाऱ्याच्या मोटारसायकलचा आवाज मला वळणापासूनच ओळखू येतो, आणि तो काही येत नव्हता.

फवारा म्हणजे माझा पुतण्या. गाड्या धुण्याचं दुकान चालवतो. दिवसभर हातात ती जोरदार पाण्याची बंदूक, म्हणून सगळे त्याला फवारा म्हणतात. माझा थोरला भाऊ गेल्यापासून त्याची बोट फवारा सांभाळतो. छोटीच आहे, चार माणसं बसली की भरली. फवारा, त्याचा साडू, कोपऱ्यावरचा बेकरीवाला आणि मी. वादळी महिने सरले, समुद्राचं पाणी शांत बसलं, की पहिल्या बऱ्या दिवशी आम्ही गळ घेऊन जातो. त्याआधी सगळ्यांची रिळं पिशवीत भरून माझ्या टेबलावर येतात. मी ती उघडतो, धुतो, तेल-ग्रीस करतो आणि बंद करतो.

ही काही मजुरी नव्हे. थोरल्याने बोटीला नियम घालून दिला होता, की रिळं जो उघडतो तो मागच्या फळीवर, म्हणजे चौथ्या जागेवर बसेल. एकदा भर पाण्यात चांगला दांडगा मासा लागलेला असताना त्याचं रीळ अडकलं होतं. बोटीत सगळे बोलणारे, उघडणारा कोणी नाही. थोरल्याने दोरा हाताने ओढला. तळवा चिरला, मासाही गेला. परत आल्यावर हाताला फडकं बांधता बांधता त्याने मला सांगितलं, "पुढच्या वेळेपासून तू चल. मासे धरता आले नाहीत तरी चालेल." तेव्हापासून मागची फळी माझी.

यंदा पाणी बसलं होतं. धक्क्यावरच्या बाकीच्या बोटी बाहेर जाऊन यायला लागल्या होत्या, आणि पिशवी आली नव्हती. पिशवी नाही म्हणजे फळी नाही. सरळ हिशेब होता. कोणी मला 'येऊ नका' म्हणालं नव्हतं, तेच जास्त टोचत होतं. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

"जाऊन विचारा की त्याला," बायको शिलाई यंत्रावरून म्हणाली. ती लोकांचे कपडे शिवते, यंत्र स्वयंपाकघरातच खिडकीखाली आहे.

"मी का विचारू? त्याला गरज असेल तर येईल."

"मग खिडकीशी का येताय सारखे? माझा उजेड अडतो."

मी खिडकीतून बाजूला झालो, दारात गेलो, दारातून परत टेबलापाशी आलो. पायाला भिंगरी लागल्यासारखं झालं होतं.

एक गोष्ट सांगायला हवी. गेल्या थंडीपासून माझा उजवा हात कापतो. सारखा नाही. बारीक काही धरायला गेलो की कापतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वयाचं आहे म्हणाले. मी बाहेर कोणाला कळू दिलं नव्हतं. बायकोलाही सांगितलं नाही, पण ती माझा कप अर्धाच भरायला लागली. का ते तिनेही सांगितलं नाही.

सकाळ सरायला आली तेव्हा वळणावर मोटारसायकल वाजली. मी झटकन खुर्चीत बसलो आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला, जसं काही मला वेळच नाही.

"काका, आहात का?" फवारा दारातूनच ओरडला.

"कुठे जाणार? बसलोय."

"बसलेत म्हणे," बायको पुटपुटली. "घर मोजून झालं सकाळपासून."

त्याने पिशवी टेबलावर ठेवली. मी मुद्दाम सावकाश पिशवी उघडली. आत तिघांची रिळं होती, आणि अशी चकचकीत, की जणू आत्ताच दुकानातून आणली. नाकाजवळ धरलं तर लिंबाचा वास आला.

"हे काय लावलंस?"

"गाड्यांचा शॅम्पू. भारीतला." फवारा खूश होता. "मागच्या वेळी परत आलो ना, तेव्हाच सगळी रॅम्पवर मांडली आणि बंदुकीने धुऊन काढली. म्हटलं, यंदा काकांचा त्रास वाचवू. पण आता बघा ना, फिरवलं की कसंतरीच वाजतं."

मी साडूचं रीळ हातात घेतलं आणि हँडल फिरवलं. भाकरीत खडा लागावा तसा आवाज आला. बेकरीवाल्याचं तर अर्ध्यातच अडत होतं.

"अरे गाढवा," मी म्हणालो.

"का? साफ नाही झालं?"

"बाहेरून झालं. तुझ्या बंदुकीने मीठ आत घातलं. आतलं ग्रीस धुऊन गेलं आणि त्याच्या जागी खारट पाणी जाऊन बसलं. हे काय मडगार्ड आहे? रिळावर नळाची बारीक धार सोडायची, ती पण वरवर. मग पुसायचं आणि सावलीत ठेवायचं. झालं."

"मला काय माहीत? माझ्याकडे येतं ते सगळं मी बंदुकीनेच धुतो."

"सासूबाई आल्या तरी?" बायकोने विचारलं.

"काकू, अजून हिंमत नाही झाली." तो हसला आणि मग माझ्याकडे बघून त्याने खांदे पाडले. "काका, उद्या सकाळी निघायचंय. हवा उद्याच्या दिवसापुरतीच चांगली आहे, परवापासून पुन्हा वारा सांगितलाय. संध्याकाळपर्यंत होतील का?"

"होतील," मी म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो, की बायकोचं यंत्र थांबलं.

तो गेल्यावर मी टेबल मोकळं केलं. टॉवेल झटकून पसरला. माझी पद्धत साधी आहे. जे पहिलं निघेल ते डाव्या हाताला, त्याच्या शेजारी दुसरं, अशी ओळ लावत जायचं. बसवताना उजवीकडून उलट यायचं. वाटीत रॉकेल, जुना दात घासायचा ब्रश, बोटीच्या इंजिनाचं थोडं ग्रीस, आणि बायकोच्या यंत्राचं तेल. ते तेल ती मला मोजून देते.

पहिलं फवाऱ्याचं घेतलं. मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं की हात जरा ऐकतो. हँडल काढलं, दोरा गुंडाळायची फिरकी काढली, बाजूच्या झाकणाचे स्क्रू सोडले. आत मोठं चक्र, त्याच्या दात्यांवर मिठाचा पांढरा खार साचला होता. ब्रशने काढला, चक्र रॉकेलमध्ये घोळवलं, फडक्यावर वाळवलं. बेअरिंगला तेलाचा एक थेंब, दात्यांना ग्रीसचा पातळ हात. झाकण लावून फिरवलं. आवाज गेला. माझा जीव जरा भांड्यात पडला.

दुसरं बेकरीवाल्याचं. त्याच्या आतली एक स्प्रिंग नखाएवढीही नाही. ती काढताना मी नेहमी पारदर्शक पिशवीत हात घालून काढतो, म्हणजे उडाली तरी पिशवीतच राहते. त्या दिवशी मी पिशवी घेतली नाही. घाई होती, आणि खरं सांगायचं तर पिशवीत हात कापला की ती सळसळ वाजते, ते बायकोला ऐकू गेलं असतं. चिमट्याने धरली, हात हलला, आणि स्प्रिंग गेली.

मी गुडघ्यांवर, कपाटाखाली हात घालतोय. ती उभी राहून माझ्याकडे बघतेय.

"काय हरवलं?"

"काही नाही."

"काही नाही कपाटाखाली जातं का?"

"स्प्रिंग आहे. बारीक. ती नाही मिळाली तर रीळ गेलं."

तिने यंत्राच्या खणातून लोहचुंबक काढलं. पडलेल्या टाचण्या गोळा करायला वापरते ते. दोरा बांधून तिने ते जमिनीवरून ओढत नेलं, चुलीच्या पायापाशी, पायपुसण्याच्या कडेने. दोन टाचण्या, एक हूक आणि माझी स्प्रिंग निघाली. तिने ती माझ्या हातावर ठेवली नाही. स्वतःच्या तळव्यावर धरून उभी राहिली.

"हात दाखवा."

"बरा आहे."

"दाखवा म्हणते ना."

मी दाखवला नाही. मग तीच खुर्ची ओढून टेबलाशी बसली, चष्मा चढवला आणि चिमटा उचलला. "कुठे जाते ही? बोटाने दाखवा. बोट कापलं तरी मला कळेल कुठे ते."

तिचा हात पाहण्यासारखा आहे. आयुष्यभर काजं केली, हूक लावले, मणी ओवले. चिमट्यात स्प्रिंग धरली आणि एका दमात खाचेत बसवली. मी जे पिशवी घेऊन, श्वास रोखून करतो ते तिने बोलता बोलता केलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी उठून पाणी प्यायलो.

"ग्रीस कुठे लावू?"

"दात्यांना. पातळ."

"आणि हे?"

"त्याला तेल. एकच थेंब."

"ह्याला ग्रीस, त्याला तेल, असं का?"

मला सांगता येईना. इतकी वर्षं केलं, पण ते सगळं बोटांत होतं, तोंडात कधी आलंच नव्हतं. "जे जोरात फिरतं त्याला तेल," मी शेवटी म्हणालो, "आणि जे ओढतं त्याला ग्रीस."

"मग मला दोन्ही लागेल," ती म्हणाली.

अशी बेकरीवाल्याच्या रिळापर्यंत गाडी नीट चालली. साडूचं उघडलं तेव्हा मी दुसरा स्क्रू-ड्रायव्हर आणायला आत गेलो. येऊन बघतो तर तिने सगळ्यांत महत्त्वाच्या बेअरिंगमध्ये ग्रीस दाबून भरलं होतं. हे बेअरिंग एकाच दिशेने फिरतं. मासा ओढायला लागला की हँडल उलटं फिरू नये म्हणून ते असतं. आत बारीक बारीक रूळ असतात, ते धातूला घट्ट धरतात. आत ग्रीस शिरलं की ते धरायचं सोडतात. ती हँडल फिरवून बघत होती. पुढे फिरलं, मागेही फिरलं.

"बघा किती मऊ झालं," ती म्हणाली.

"अगं, काय केलंस हे!" मी ओरडलो. "ह्याला कोरडं ठेवायचं असतं! मासा लागला तर हँडल गरागरा उलटं फिरून साडूची बोटं मोडेल!"

"ओरडू नका."

"मी सांगितलं होतं का तुला? सांगेपर्यंत थांबता येत नाही? सगळं आपलं लोण्यासारखं चोपडायचं!"

तिने चिमटा खाली ठेवला. चष्मा काढला. "घ्या," ती म्हणाली, "तुम्हीच करा." आणि मागच्या दारातून बाहेर जाऊन पायरीवर बसली.

मी बसलो. ते बेअरिंग तसंच रॉकेलमध्ये बुडवायचं असतं. पण मला कुठला धीर? मी काडीने ग्रीस उकरायला गेलो आणि रूळ बाहेर आले. टॉवेलवर तांदळाच्या कणीसारखे पडले. एक उचलला, पडला. परत उचलला. डाव्या हाताने उजवा धरला. खिडकीतलं ऊन सरकत सरकत यंत्रावरून खाली उतरलं होतं. संध्याकाळी फवारा येणार होता. मी तो एक रूळ जागेवर नेईपर्यंत कपाळावरचा घाम टेबलावर पडला, आणि रूळ तिथे टेकतोय तोच बाकीच्यांना धक्का लागून ते विखुरले.

मी मागच्या दारात गेलो. ती वळली नाही.

"चल."

"कशाला?"

"चल ना. उजेड जातोय."

"आधी म्हणा."

"काय म्हणू? चुकलं. ओरडायला नको होतं."

"ते नाही. ते तर तुम्ही उद्याही ओरडाल." ती आता वळली. "हाताचं म्हणा. थंडीपासून वाट बघतेय मी, की हा माणूस कधीतरी मला सांगेल."

दाराची चौकट मी उजव्या हाताने धरली होती. तिला ते दिसत होतं.

"होत नाही हाताने," मी म्हणालो.

ती उठली, पदर झटकला आणि आत आली. रूळ रॉकेलमध्ये टाकले, ग्रीस विरघळेपर्यंत घोळवले, कागदावर सुकवले. मग एकेक उचलून जागेवर. तेलाचा थेंब सुईच्या टोकावर घेतला आणि तोही नंतर फडक्याने टिपून घेतला, मी सांगितलं तसं. हँडल पुढे फिरलं. मागे फिरवायला गेली, तर दगडासारखं अडलं.

"असं?"

"असं."

फवारा आला तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. त्याने एकेक रीळ कानाशी धरून फिरवलं. आवाजच नव्हता.

"काका, मानलं तुम्हाला," तो म्हणाला. "जादू आहे हातात. सकाळी तयार राहा. मागची फळी पुसून ठेवलीय."

फळी माझी होती. मला फक्त गप्प बसायचं होतं. बायको यंत्रावर खाली मान घालून बसली होती. ती काही बोलणार नव्हती, उद्याही नाही, कधीच नाही. मला ते पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच मला धड बसवेना. मी पिशवीचा बंद बांधला, सोडला, परत बांधला. डोळ्यांपुढे एकच दिसत होतं. बोट हेलकावे खातेय, बेकरीवाल्याचं रीळ अडलंय, मासा ओढतोय, आणि सगळे माझ्या हाताकडे बघतायत.

"रिळं तिने उघडली," मी म्हणालो.

"कोणी?"

"तुझ्या काकूने. तुझं तेवढं मी केलं. बाकीची तिने." मी हात टेबलावर ठेवला आणि चिमटा धरून दाखवला. चिमट्याची टोकं टकटक वाजायला लागली. "बोटीत अडकलं तर माझ्याने उघडणार नाही."

फवाऱ्याने चिमटा माझ्या हातातून अलगद काढून घेतला. मग म्हणाला, "त्यात काय एवढं? तुम्ही नुसते बसायला चला. नियम काय, बाबांनी केला होता, आपण मोडू."

"मी काय डबा आहे का, नुसता ठेवायला?"

"तसं नाही हो काका..."

"आणि नियम उगाच नव्हता. त्याचा तळवा मी पाहिलाय. तू लहान होतास."

तेवढ्यात बायकोने दोरा दाताने तोडला.

"मी जाते," ती म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"असे काय बघताय? जो उघडतो तो बसतो ना? मग मी बसते."

"काकू, तू कधी बोटीत..."

"तुला बोट लागेल," मी म्हणालो. "झोपाळ्यावर चक्कर येते तुला. उलट्या होतील."

"होऊ देत. समुद्र मोठा आहे." तिने शिवलेल्या कोटाची घडी घातली. "इतकी वर्षं परत येऊन तुम्ही सांगता आणि मी ऐकते. हा मासा एवढा, तो मासा तेवढा. एकदा मला येऊन सांगू दे."

फवारा हसायला लागला, आणि मग माझं तोंड बघून थांबला. "काका?"

"मला काय विचारतोस," मी म्हणालो. "फळी तिची आहे."

सकाळी धक्क्यावर गार होतं. ती माझं जाड जाकीट घालून आली होती, बाह्या दुमडलेल्या. बेकरीवाल्याने हात देऊन तिला बोटीत उतरवलं. साडू म्हणाला, "काकू, आज आम्हाला शिव्या जपून द्याव्या लागणार." "द्या की," ती म्हणाली, "मला पण नवीन कळतील."

ती मागच्या फळीवर बसली, पण कडेला. मी वरून ओरडलो, "मधे बस! मधे! कडेला हेलकावा जास्त लागतो!" इंजिन सुरू झालं होतं. तिने हात वर केला, मला वाटलं ऐकलं, पण ती नुसता हात हलवत होती.

बोट दिव्याच्या खांबापलीकडे गेली तसा मी चालायला लागलो. धक्क्याच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो. चहावाल्याने विचारलं, "अहो, आज तुम्ही इथे कसे? गेला नाहीत?"

"बायको गेलीय."

"कोण?"

"माझी बायको. रिळं आता ती बघते." घशात जरा अडलं, पण निघालं.

"काय सांगता! आणि तुम्ही?"

"मी इथे आहे, दिसतोय ना?"

पुढे जाळी सुकवणारे भेटले, त्यांनी तेच विचारलं, आणि त्यांना सांगताना अडलं नाही. तिसऱ्याला तर न विचारताच सांगितलं, वर तिने रूळ कसे बसवले तेही. चहा घेतला, अर्धा सांडला, कोणी पाहिलं असेल तर पाहिलं. वारा वाढतोय का, म्हणून मी चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, मघाशी होता तेवढाच आहे. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तो म्हणाला, काका, बसा.

बसवत नव्हतं. सुरुवातीला मी मनात म्हणत होतो, काही अडू नये. सगळं नीट फिरू दे, ती सुखरूप येऊ दे. ऊन वर आलं तसं मन फिरलं. एखादं रीळ अडकावं असं मला वाटायला लागलं. एकच, तेही मासा लागल्यावर. बेकरीवाल्याने घाबरून तिच्याकडे बघावं, आणि तिने चष्मा चढवून ते मांडीवर घ्यावं. मग तिने परत येऊन मला सगळं पहिल्यापासून सांगावं आणि मी मधेच म्हणावं, हां, तिथेच ते अडतं.

मी पुन्हा टोकाकडे निघालो.